निरीक्षण आणि अनुमान यांच्या मधल्या जागेत

प्रयोगवहीतले मथळे महाराष्ट्रात शाळा शिकलेल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येतील: हेतू, साहित्य, आकृती, कृती, निरीक्षण, अनुमान. माझ्याकडे सहावी-सातवीचे विज्ञान आहे, आणि दरवर्षी ज्या वह्या माझ्या टेबलावर येऊन पडतात त्यांत पहिले चार मथळे मुलांनी मन लावून लिहिलेले असतात. आकृतीसाठी तर पेन्सिलीला खास टोक काढलेले असते. शेवटच्या दोन मथळ्यांशी आल्यावर मात्र साऱ्या वर्गाचे वाक्य एकच होते, इतके एकच की एकाची ऱ्हस्व-दीर्घाची चूक पुढच्या दहा वह्यांत जशीच्या तशी उतरते. यात मुलांचा फारसा दोष नाही. काय दिसायला हवे आणि त्यावरून काय म्हणायला हवे, हे दोन्ही गाइडात आधीच छापलेले असते. त्यामुळे प्रयोग झाला काय आणि न झाला काय, वही पूर्ण होते आणि तिच्यावर सहीही होते.

निरीक्षणाकडून अनुमानाकडे माणूस कसा जातो, हे त्या वहीत कुठेच लिहावे लागत नाही. विज्ञान शिकवण्यासारखे जे काही आहे त्यातले बरेचसे त्या न लिहिलेल्या जागेत असते, असे माझे मत आहे. आणि ती जागा अकरा-बारा वर्षांच्या मुलांना दाखवता येते, हे सांगण्यासाठी मी मुद्दाम सगळ्यांना पाठ असलेला प्रयोग घेते.

ताटलीत मेणबत्ती उभी करायची, भोवती रंगीत पाणी ओतायचे, मेणबत्ती पेटवून तिच्यावर काचेचा ग्लास उपडा घालायचा. थोड्या वेळाने ज्योत विझते आणि पाणी ग्लासात चढते. ज्योतीने ग्लासातला ऑक्सिजन संपवला, त्याची जागा पाण्याने घेतली, आणि हवेत ऑक्सिजन एक पंचमांश असतो म्हणून पाणीही साधारण एक पंचमांश उंचीपर्यंत चढले, असे यावरून पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेले आहे. हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो हे खरे आहे आणि मेणबत्तीला जळायला तो लागतो हेही खरे आहे. एवढी दोन खरी वाक्ये शेजारी ठेवली की त्यांच्या आधाराने तिसरे वाक्य सहज खपून जाते. पाणी चढण्याचे मुख्य कारण मात्र वेगळेच आहे, आणि ते नीट पाहणाऱ्याला त्याच ताटलीत दिसते.

मी फळ्यावर मधोमध उभी रेघ ओढते. डाव्या बाजूला ‘दिसले’ आणि उजव्या बाजूला ‘वाटले’. प्रयोग एकदा होतो आणि मुलांनी सांगायचे असते. पहिल्या मिनिटाच्या आत कुणीतरी ‘ऑक्सिजन संपला’ असे म्हणतेच. बहुधा शिकवणीला जाणारे मूल असते. “कुठल्या रंगाचा होता रे तो?” असे विचारले की वर्ग हसतो आणि ते वाक्य उजवीकडे जाते. ‘पाणी ओढले गेले’ या वाक्यावर जास्त वेळ जातो, कारण ते निरीक्षणासारखे दिसते. पण ओढणारा कुणी दिसला का, असे विचारल्यावर मुलांच्या ध्यानात येते की डोळ्यांनी पाहिले ते फक्त पाणी वर सरकणे, आणि ओढणे हे आपण आपल्या पदरचे घातले. उजवीकडे गेलेले वाक्य चुकीचे असते असे नाही, हे मात्र वारंवार सांगावे लागते, नाहीतर मुले उजव्या बाजूला भिऊ लागतात आणि मग नुसते ‘मेणबत्ती पिवळी होती’ असल्या निरुपद्रवी गोष्टी सांगत बसतात.

मग प्रयोग पुन्हा करायचा, आणि या वेळी मागच्या खेपेस न सांगितलेले काहीतरी शोधायचे. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला डावी बाजू भरू लागते. ज्योत एकदम विझत नाही, आधी मंदावते. विझल्यावर वातीतून पांढरट धूर वळत वर जातो. ग्लास आतून धुरकट होतो आणि बोट फिरवले तर बोट ओले होते. ग्लास ठेवताना त्याच्या काठाशी पाण्यात बुडबुडे येतात. आणि टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून पाहणारे एखादे मूल सांगते की ज्योत जळत असताना पाणी फारसे हललेच नाही, ती विझली आणि मग ते झरकन चढले. शेवटची ही दोन निरीक्षणे फार अडचणीची आहेत. गाइडातल्या निरीक्षणांत बुडबुडे नसतात आणि पाणी नेमके केव्हा चढले तेही नसते, कारण अनुमान आधी ठरलेले असले की त्याला न मानवणारे निरीक्षण लिहून कोण घेणार?

इथे मी एकच प्रश्न विचारते, आणि तो विचारायची सवय लागली तर वर्षभराची कमाई झाली असे मी समजते: “तुमचे म्हणणे खरे असेल, तर आणखी काय दिसायला हवे?” ऑक्सिजन संपत गेल्यामुळे पाणी चढत असेल, तर ते केव्हा चढायला हवे? मुले बरोबर सांगतात, “जळत असतानाच, बाई. हळूहळू.” पण चढले तर ते विझल्यानंतर. मग दुसरा प्रश्न: त्याच ग्लासाखाली एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या तर पाणी जास्त चढेल, कमी चढेल की तेवढेच? उत्तर प्रयोगाआधी वहीत लिहायचे आणि त्याखाली कारणही लिहायचे. ग्लास तोच, हवा तेवढीच, म्हणजे ऑक्सिजनही तेवढाच. त्यामुळे पाणीही तेवढेच चढेल, असे बहुतेक हुशार मुले लिहितात, आणि त्यांच्या म्हणण्यात तर्काची कसलीही खोट नाही. प्रत्यक्षात पाणी सहज नजरेत भरेल इतके जास्त चढते.

यानंतर वर्गात जो गलका होतो तो मी थांबवत नाही. जुने अनुमान सोडायला कुणी एकदम तयार होत नाही, आणि होऊही नये. “एका मेणबत्तीने सगळा ऑक्सिजन संपवलाच नसेल, तिघींनी मिळून जास्त संपवला असेल,” असे एका मुलीने मला सुनावले होते, आणि तो मुद्दा बिनतोड होता. मेणबत्ती खरोखरच सगळा ऑक्सिजन संपवत नाही. बंद जागेत त्याचे प्रमाण साधारण १६ टक्क्यांवर आले की ती विझते. तीन मेणबत्त्यांचा प्रयोग एकट्याच्या बळावर ऑक्सिजनवाल्यांना हरवू शकत नाही, हे त्या मुलीने वर्गाला दाखवून दिले. तेव्हा ज्योत अजिबात नसलेला प्रयोग करणे भाग पडले. जाड काचेची बरणी गरम पाण्याने चांगली विसळायची, पाणी ओतून टाकायचे आणि लगेच रंगीत पाण्याच्या ताटलीत उपडी ठेवायची. काहीही जळत नाही, तरी बरणी निवत जाते तसे पाणी आत चढते. आता ऑक्सिजन कुणी संपवला? या टप्प्यावर पोहोचल्यावर ते बुडबुडे कुणालातरी आठवतात, आणि मग तुकडे आपोआप जुळू लागतात: ज्योतीभोवतीची हवा तापून पसरली, थोडी काठाखालून बाहेर गेली, ज्योत विझल्यावर आत उरलेली हवा निवून आकसली, आणि बाहेरच्या हवेच्या दाबाने पाणी आत ढकलले गेले. मेणबत्त्या जास्त असल्या तर हवा जास्त तापते, म्हणून पाणीही जास्त चढते. आत जमलेले धुके म्हणजे ज्वलनातून तयार झालेली वाफ, आणि तिचे पाणी होण्याचाही यात थोडा वाटा असतो.

शिक्षकांसाठी एक हिशेब इथे देऊन ठेवते. तो सहावीच्या फळ्यावर लिहायचा नाही. मेणातल्या एखाद्या नमुनेदार पॅराफिनचे ज्वलन पाहिले, तर ऑक्सिजनचे ३८ रेणू खर्ची पडतात तेव्हा कार्बन डायऑक्साइडचे २५ रेणू तयार होतात. म्हणजे गेलेल्या वायूच्या जागी दोन तृतीयांश वायू लगेच परत येतो, आणि तो पाण्यात इतक्या झटकन विरघळतही नाही. ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १६ टक्क्यांपर्यंत उतरला असे धरले, तर केवळ त्या कारणाने होणारी घट ग्लासातल्या हवेच्या शेकडा दोन भागांच्याही आत राहते. पाणी एक पंचमांश चढले तर तो योगायोग आहे; ग्लास किती झपाट्याने ठेवला यावरसुद्धा ती उंची बदलते.

प्रयोग संपता संपता एक उलटी घाई होते आणि तिलाही आवर घालावा लागतो. पाणी ऑक्सिजन संपल्यामुळे चढत नाही असे ठरले, की काही मुले थेट ‘ज्वलनाला ऑक्सिजन लागत नाही’ इथवर जाऊन पोहोचतात. एवढ्या प्रयोगाने ते सिद्ध होत नाही. किंबहुना ऑक्सिजनविषयी हा प्रयोग जवळजवळ काहीच सांगत नाही. बंद हवेत ज्योत टिकत नाही, एवढेच सांगतो. अनुमान कुठवर जाते आणि कुठे थांबते हे पाहणे मुलांना सर्वांत कठीण जाते, आणि मोठ्यांचीही स्थिती फार वेगळी नसते.

हाच प्रयोग इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकाच्या सुमारास बायझेंटियमच्या फिलो या ग्रीक अभियंत्याने केलेला आहे. त्याने पाणी चढताना पाहिले आणि अनुमान काढले की ग्लासातल्या हवेचा काही भाग अग्नी झाला आणि काचेच्या सूक्ष्म छिद्रांतून निघून गेला. त्याचे निरीक्षण आपल्या मुलांइतकेच चांगले होते. ऑक्सिजन वेगळा करून दाखवणारे शेले आणि प्रीस्टली येईपर्यंत मध्ये दोन हजार वर्षे गेली, आणि १७७० च्या दशकात लाव्हाझिएने ज्वलनाचा नवा अर्थ लावला तो तराजूच्या आधाराने. त्यामुळे ‘मुलांना नुसते साहित्य द्या, ती आपोआप सगळे शोधून काढतील’ असे जे उत्साहाने सांगितले जाते, त्यावर माझा विश्वास नाही. ताटली आणि मेणबत्तीतून ऑक्सिजन निघत नाही. तो शब्द, ती कल्पना बाहेरून द्यावीच लागते. दिलेल्या कल्पनेला प्रश्न कसा विचारायचा, हे मात्र वर्गात शिकवता येते.

अनुमानाची ही तपासणी आपल्याकडे नवी नाही. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे आग आहे, जसे स्वयंपाकघरात असते: न्यायशास्त्रातले, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रातले, हे उदाहरण अनेकांच्या कानावरून गेलेले असते, पण त्याच्या पुढची चर्चा वर्गासाठी जास्त उपयोगी आहे. पहिली शंका अशी की दिसला तो धूर होता की धुके? निरीक्षणच फसले तर पुढचा तर्क कितीही चोख असून उपयोग नाही. दुसरी शंका अशी की हे वाक्य उलटे चालेल का, म्हणजे जिथे आग तिथे धूर असतोच का? नैयायिक त्यावर तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्याचे उदाहरण पुढे करतात. त्यात आग आहे, धूर नाही. धूर निघतो तो ओल्या सरपणामुळे, आणि ही अट लक्षात न घेता नुसत्या आगीवरून धुराचे अनुमान केले तर ते कोसळते. चुलीवरच्या स्वयंपाकघरात वाढलेल्या मुलांना हे पटवून द्यावे लागत नाही. पावसाळ्यात भिजलेल्या लाकडांनी डोळे चुरचुरतात आणि कोळसे फुलल्यावर धूर थांबतो, हे ती मला सांगतात. अनुमान कोणत्या अटीवर उभे आहे हा प्रश्न मुलांना कळतो, फक्त आपण तो ‘चल’ आणि ‘नियंत्रित प्रयोग’ अशा शब्दांनी सुरू केला की त्यांचे चेहरे कोरे होतात.

थंड पाण्याच्या स्टीलच्या पेल्यावर बाहेरून जमणाऱ्या थेंबांचीही अशीच गंमत आहे. थेंब कुठून आले असे विचारले की अर्धा वर्ग ‘पाणी झिरपले’ असे सांगतो. या उत्तराला मी कधीही हसू देत नाही, कारण ज्या मुलाने घरी माठ पाहिला आहे त्याच्या दृष्टीने ते अत्यंत योग्य अनुमान आहे. माठातून पाणी खरोखरच झिरपते. चूक असेल तर ती माठाचा नियम पेल्याला लावण्याची. मग पुन्हा तोच प्रश्न: झिरपले असेल तर आणखी काय दिसायला हवे? पेल्यात कोकम सरबत घातले तर बाहेरचे थेंब लाल आणि आंबट हवेत, आणि ते नसतात. पण सर्वांत नेमका पडताळा मुलांनी न सुचवलेला आहे, तो मी सांगते: स्वयंपाकघरातला छोटा इलेक्ट्रॉनिक काटा आणायचा, पेल्यात बर्फ घालून वर झाकणी ठेवायची, पेला बाहेरून कोरडा पुसायचा आणि काट्यावर ठेवून द्यायचा. पाणी आतून बाहेर येत असेल तर एकूण वजन तेवढेच राहायला हवे. ते ग्रॅमाग्रॅमाने वाढत जाते, आणि काट्यावरचा आकडा बदलला की वर्ग क्रिकेटचा धावफलक पाहावा तसा ओरडतो. काहीतरी बाहेरून येऊन चिकटते आहे, यावर मग फारसा वाद उरत नाही. ते हवेतले बाष्प आहे, हे पुढचे पाऊल. हा प्रयोग कोकणात किंवा पावसाळ्यात झकास होतो. विदर्भातल्या एखाद्या शिक्षकाने तो भर एप्रिलच्या दुपारी केला तर थेंब जेमतेम येतील किंवा येणारच नाहीत, आणि तसे झाले तर प्रयोग ‘फसला’ असे न म्हणता पेल्याबाहेरच्या हवेविषयी त्यावरून काय कळते ते विचारावे.

काही वेळा अडचण अनुमानाची नसतेच. कुणी पाहिलेलेच नसते. दुपारी बाराला सावली पायाखाली येते, हे माझ्या वर्गातली सगळी मुले शपथेवर सांगायला तयार असतात. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मैदानात मीटरभर काठी उभी करून पाहिले, तर पुण्याच्या अक्षांशावर मध्यान्हीची तिची सावली ९० सेंटीमीटरच्या आसपास भरते. शिवाय सर्वांत आखूड सावली बाराला पडत नाही, साडेबाराच्या सुमारास पडते. सावली खरोखर नाहीशी होण्याचे दिवस पुण्यात वर्षातून दोनच: एक मे महिन्याच्या मध्याला, शाळेला सुट्टी असताना, आणि दुसरा जुलैच्या अखेरीस, बहुधा ढगांआड.

हे सगळे वाचून सहकारी शिक्षकांचा पहिला प्रश्न वेळेचा असतो, आणि तो खरा आहे. एका मेणबत्तीला तीन तासिका दिल्या तर पाठ्यक्रम कधी पुरा करायचा? त्यावर माझे उत्तर एवढेच की सगळे प्रयोग असे करू नयेत. सत्रात दोन पुरे होतात, बाकीचे नेहमीच्या रीतीने उरकावेत. संपूर्ण अभ्यासक्रमच या पायावर उभा करण्याचा मोठा प्रयत्न आपल्या शेजारी, मध्य प्रदेशात, झालेला आहे. १९७२ मध्ये किशोर भारती आणि रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ सरकारी शाळांत सहावी ते आठवीसाठी प्रयोगांवर आधारलेले विज्ञान सुरू केले. १९७८ मध्ये ते जिल्हाभर पसरले, १९८२ नंतर एकलव्य संस्थेने ते सांभाळले, आणि २००२ मध्ये राज्य शासनाने ते बंद केले. त्या कार्यक्रमातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट त्यांची परीक्षा आहे. मुलांना परीक्षेत पुस्तक आणि आपली वही उघडून पाहण्याची मुभा होती, आणि प्रात्यक्षिकही होते. शिकवण्याची रीत बदलली आणि परीक्षा जुनीच ठेवली, तर मुले चार दिवसांत परीक्षेकडे वळतात. त्यांना आपला फायदा कळतो.

माझ्या हातात परीक्षा नाही, प्रयोगवहीचे गुण तेवढे आहेत. म्हणून ‘निरीक्षण’ आणि ‘अनुमान’ यांच्या मध्ये मी मुलांना आणखी दोन ओळी लिहायला लावते. पहिली, ‘हे मी कोणत्या निरीक्षणावरून म्हणतो’. आणि दुसरी, ‘काय दिसले असते तर मी हे म्हटले नसते’. गुण या दोन ओळींना मिळतात. अनुमान पुस्तकाशी जुळले नाही तरी गुण जात नाहीत, आणि जुळले पण या ओळी कोऱ्या असतील तर मिळत नाहीत. पहिल्या चाचणीनंतर दोन-चार पालक वही घेऊन येतात, कारण उत्तर गाइडाप्रमाणे शब्दशः बरोबर असूनही निम्मे गुण गेलेले असतात. त्यांना मी काचेचा ग्लास आणि तीन मेणबत्त्या देऊन घरी मुलाबरोबर प्रयोग करून पाहायला सांगते. दुसरी ओळ मात्र सातवीच्या मुलांनाही दिवाळीपर्यंत जमत नाही. बहुतेक जण तिथे ‘प्रयोग चुकला असता तर’ असे लिहितात, आणि त्यावर लाल शाईने ‘म्हणजे काय दिसले असते?’ असे लिहून मी वही परत करते.